राखण

मोकळ्या पडलेल्या घराला आमच्याकडे 'ओसाड' म्हणतात. शब्दच असा आहे, की उच्चारताना तोंडात धूळ गेल्यासारखे वाटते. माणूस गेला, दिवा गेला, की घर ओसाड, वाडी ओसाड, विहीर ओसाड. वेंगुर्ल्याच्या बाजूला असलेले आमचे घर गेली सात वर्षे असे ओसाड आहे. आई होती तोवर संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लागत होता. आई गेली, तिचे दिवसकार्य झाले, आणि धाकट्या भावाने दाराला कुलूप लावले. कुलूप त्याने लावले असे मी आजवर सर्वांना सांगत आलो आहे. वास्तविक त्या वेळी किल्ली माझ्या हातात होती आणि मुंबईची गाडी चुकेल म्हणून घाई मीच करीत होतो.

गेल्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी या भावाचा कोल्हापूरहून फोन आला. वाडीला गिऱ्हाईक आले होते. समुद्र जवळ, माडांची सावली, विहिरीला गोडे पाणी. त्याला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. किंमत बरी होती. "दादा, तुझी सही लागेल," तो म्हणाला.

"अण्णांनी हातानं लावलेले माड विकायला निघालास?" मी विचारले. माझा आवाज चढला असावा, कारण स्वयंपाकघरातून ही करंजीचे कातणे हातात घेऊन तशीच बाहेर आली.

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तू दिवाळी करून ये. मग बोलू."

भांडणात समोरचा माणूस गप्प बसला, की आपण जिंकलो असे वाटते. आणि रात्री अंथरुणावर पडले, की हरल्यासारखे वाटते. तशा अवस्थेत मी परदेशच्या प्रवासाला निघालो.

आमची लेक आणि जावई सेशेल्सला नोकरीला आहेत. हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला, ११५ बेटांचा हा देश आहे. त्यांतले माहे हे सर्वांत मोठे बेट. तिथल्या व्हिक्टोरिया या राजधानीत तमिळ मंडळींनी विनायकाचे देऊळ बांधले आहे. त्याचा कळस दिसला आणि हिच्यावरचे परदेशाचे दडपण निम्मे उतरले. उरलेले निम्मे लेकीच्या घराच्या मागच्या दारी उतरले. तिथे माड होते, केळी होत्या, फणसासारखे एक झाड होते, आणि पलीकडे समुद्र होता. ही कंबरेवर हात ठेवून थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "शेवटी वेंगुर्लंच पाहायचं होतं, तर आपण एस.टी.नं गेलो असतो."

भाऊबीज झाली आणि लेकीने बेत जाहीर केला. माहेहून तासाभराच्या बोटीने प्रालँ बेटावर जायचे, रात्री तिथे राहायचे, आणि सकाळी जवळचे एक छोटे बेट पाहायचे. "तिथं कोणी राहत नाही, बाबा. नुसते पक्षी. त्यांच्यासाठीच राखून ठेवलंय."

लहानपणी जहाज फुटून बेटावर अडकलेल्या माणसांच्या गोष्टी मी इतक्या वाचल्या होत्या, की निर्मनुष्य बेट म्हटल्यावर माझ्यातला दहा वर्षांचा मुलगा अजूनही टाचा उंच करून पाहू लागतो. मी लगेच होकार दिला. बेटाचे नाव मोठे मौजेचे. ते लिहितात इंग्रजी 'कझिन'सारखे, म्हणतात फ्रेंच वळणाने 'कुझँ', अर्थ चुलतभाऊ. त्याच्या शेजारीच दुसरे बेट आहे त्याचे नाव कुझीन, म्हणजे चुलतबहीण. भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले, आणि हे बहीणभाऊ समुद्रात जवळजवळ उभे! हिने तिथल्या तिथे ठरवून टाकले, की हे स्थळ आपल्या माणसांचे आहे.

प्रालँ हे दर्यानारळाचे घर. आपल्याकडच्या साधूंच्या हातात जो काळाभोर कमंडलू दिसतो, तो पुष्कळदा याच जोडनारळाच्या कवटीचा असतो. त्या बेटापासून पश्चिमेला दोन किलोमीटरवर कुझँ आहे. लांबून ते पाण्यावर उपडी घातलेल्या परातीसारखे दिसते. सगळे मिळून सुमारे ७० एकर. आमच्या गावच्या एखाद्या खोताची जमीन याहून मोठी असे.

आमची बोट मात्र बेटाला लागलीच नाही. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर ती थांबली, आणि समोरून बेटाची स्वतःची लहान बोट आम्हांला न्यायला आली. बाहेरच्या कोणत्याही बोटीने या वाळूला स्पर्श करायचा नाही असा नियम आहे. बोट आणणारा पंचविशीतला सावळा तरुण हसून म्हणाला, "पिशव्या इथंच ठेवा."

हिच्या पिशवीत फराळाचा डबा होता. करंज्या, चकल्या आणि वर कागदात गुंडाळलेले चार अनारसे. समुद्रावर गेले की भूक लागते, हा तिचा अनुभव. "अरे, पण यात काय आहे? घरचं आहे सगळं," तिने मराठीतच सांगितले. लेकीने त्याला ते समजावले, त्याने लेकीला समजावले. उंदीर जहाजांबरोबर बेटावर उतरतात. पिशवीतून मुंगी येते, बी येते. एकदा उंदीर आला, की जमिनीवर अंडी घालणारे पक्षी संपले. आसपासच्या कितीतरी बेटांवर असेच झाले. या बेटावर उंदीर नाही, मांजरही नाही, म्हणून पक्षी आहेत. ही सगळे ऐकून घेत होती. तिचे आयुष्य उंदरांपासून फराळ वाचवण्यात गेले आहे. फराळापासून एखादे बेट वाचवायचे असते हे तिला नवीन होते. पण पटले. तिने डबा बोटवाल्याच्या स्वाधीन केला आणि त्याला बजावले, "तू मात्र खा हो."

मग त्या तरुणाने आम्हांला बोटीच्या कडा घट्ट धरायला सांगितल्या. मला वाटले, आता बोट हळूहळू किनाऱ्याला लागेल. त्याने मागे वळून लाटा पाहिल्या, एक जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि एकदम यंत्राला सगळा जोर देऊन बोट सरळ किनाऱ्यावर घातली. डोळे उघडले तेव्हा आम्ही समुद्रात नव्हतो. वाळूवर होतो, आणि हिने माझी बाही धरली होती. लग्नानंतर इतक्या घट्ट ती प्रथमच धरली असावी.

बेटावर वस्ती नाही. चारदोन राखणदार आणि पक्ष्यांचा अभ्यास करणारी मंडळी तेवढी पाळीपाळीने राहतात. पाहुण्यांनी सकाळी यायचे, राखणदारामागून वाटेवाटेने फिरायचे आणि ऊन तापेपर्यंत परत जायचे. आम्हांला घेऊन आलेला तरुणच आता वाटाड्या झाला. हातात काठी, पायांत रबरी चपला.

ती काठी पाहिली आणि मला आईची आठवण झाली. आमच्या वाडीच्या वायव्य कोपऱ्यात एक दगड आहे. तो राखणदाराचा. हातात काठी घेऊन, पायांत वहाणा घालून तो रात्री वाडीच्या हद्दीवरून फिरतो आणि राखण करतो, असे आम्ही लहानपणी ऐकत असू. वर्षातून एकदा आई तिथे नारळ ठेवी. "तो आहे म्हणून आपण निजतो," असे ती म्हणे. मी शहरात शिकून आल्यावर एकदा तिला हसलो होतो. तिने रागावून न पाहता विचारले, "मग तू करशील राखण?" मी उत्तर दिल्याचे आठवत नाही.

वाट झाडीत शिरली आणि पहिल्याच वळणावर आम्ही थबकलो. हात वर केला तर लागेल एवढ्या उंचीच्या एका आडव्या फांदीवर अंडे होते. घरटे नाही, काडी नाही, कापूस नाही. नुसत्या फांदीवरच्या जरा खोलगट जागेत ठेवलेले एक अंडे. शेजारी दुधासारखा पांढरा, काळ्याभोर डोळ्यांचा पक्षी बसला होता. हा पांढरा सुरय. तो घरटे बांधतच नाही. अंडे फांदीवर घालतो, आणि त्यातून निघालेले पिल्लू जन्मतःच नख्यांनी फांदी घट्ट धरून बसते. वारा आला की फांदी हलते, पिल्लूही हलते, पण पडत नाही.

"अगं बाई!" ही म्हणाली. "दोन काटक्या तरी ठेवायच्या!"

पुढे झाडाच्या बुंध्याशी, मुळांच्या बेचक्यात, शेपटीला लांब पांढरी पिसे असलेला एक पक्षी पिल्लू पोटाशी घेऊन जमिनीवरच बसला होता. आम्ही चार हातांवर उभे होतो, तरी तो उठला नाही. एकदा मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा समोर पाहू लागला. पंगतीत बसलेल्या माणसाने वाढप्याकडे पाहावे तसे. आपल्याला पाहून कोणी पळाले नाही, याचा आनंद किती मोठा असतो हे मला त्या दिवशी कळले. माणूस असण्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की आपण वाटेने चाललो म्हणजे पुढचे सगळे उडून जाणार, हे आपण धरूनच चालतो.

पायांखाली सापसुरळ्यांची धावपळ चालली होती. पाचोळ्यात जिथे पाहावे तिथे एक. डासही पुष्कळ होते. हे बेट त्यांच्यासाठीही राखलेले असावे. वाटेच्या मधोमध एक राक्षसी कासव पसरले होते. ही अल्डाब्राची कासवे शंभर वर्षांहून अधिक जगतात. तरुणाने त्याच्या मानेखाली बोटांनी खाजवले तसे ते चारी पायांवर ताठ उभे राहिले आणि मान लांबवून डोळे मिटून घेतले. आमचे अण्णा दाढी करायला न्हाव्यापुढे बसत तेव्हा अगदी असेच दिसत.

आणि इथेच तो पक्षी आला. काळा कुळकुळीत, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी वर उचललेली. येऊन तो थेट हिच्या चपलेपाशी उतरला. मी म्हणालो, "हा तर दयाळ!"

आपला दयाळ नव्हे. पण त्याच कुळातला, सेशेल्सचा दयाळ. मांजरांनी आणि उंदरांनी बेटामागून बेट साफ केले तेव्हा हा सगळ्या जगात फ्रिगेट नावाच्या एकाच बेटावर उरला होता. १९९० साली त्याची संख्या पंचविसाहून कमी होती. त्यानंतरच्या काही वर्षांत काही पक्षी इथे आणून सोडले, ते रुजले, वाढले. याचे अन्न पाचोळ्याखालचे किडे. म्हणून तो कासवांच्या मागून फिरतो. कासव पाय टाकते, पाचोळा उलथतो, याचे जेवण होते. कासव नसेल तर माणूसही चालतो. हिने पायाने थोडा पाचोळा सरकवला, आणि त्याने खरोखरच तिच्या अंगठ्याजवळचा किडा टिपला.

"आईंच्या मागं यायचा," ही हळूच म्हणाली. आई खळे झाडू लागली, खराट्याने पातेरा ओढू लागली, की आमच्या वाडीतला दयाळ असाच तिच्या पायांत यायचा. ती त्याला 'आला का रे?' म्हणून विचारायची. सात वर्षांत मला हे एकदाही आठवले नव्हते.

झाडी दाट होत गेली. रुंद, मऊ पानांची ही झाडे मापूची. त्यांचे बी विलक्षण चिकट असते. पक्ष्याच्या पिसांना चिकटून ते दूर जाते, आणि फार चिकटले तर पक्ष्याला उडता येत नाही, तो त्याच झाडाखाली मरतो. तरीही हंगामात नॉडी नावाचे समुद्रपक्षी थव्यांनी येऊन याच झाडावर, याच झाडाच्या पानांची घरटी करतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा हंगाम सरला होता.

इथे तो तरुण वाट सोडून दोन पावले आत गेला, वाकला, आणि त्याने जमिनीतून काहीतरी उपटले. हातभर उंचीचे, दोन कोवळ्या पानांचे माडाचे रोप होते. खाली नारळ तसाच लोंबत होता. त्याने ते सहज बाजूला टाकले आणि हात झटकले.

माझ्या छातीत चर्र झाले. आमच्याकडे रुजलेला नारळ कोणी असा फेकीत नाही. अण्णा तर माड तोडायची वेळ आली म्हणजे आदल्या दिवशी त्याच्या बुंध्याला हात लावून नमस्कार करीत, आणि त्या दिवशी फारसे जेवत नसत. मी त्या तरुणाला विचारले, "हे का?" माझ्या आवाजात कोल्हापूरच्या फोनवरचाच सूर होता. हिने माझ्याकडे पाहिले.

तो काही रागावला नाही. हा प्रश्न त्याला नवीन नसावा. त्याने काठी वर करून पानांत दाखवले. "तो पाहा."

पहिल्यांदा मला काहीच दिसले नाही. मग एका पानाखाली हालचाल झाली. मुठीत मावेल एवढा, मातकट रंगाचा पक्षी. पायांत रंगीत कड्या घातलेल्या. कुठे पिसारा नाही, कुठे तुरा नाही. आपल्या परसात फिरणारा वटवट्या तो हाच, असे कोणी म्हटले असते तर मी मान डोलावली असती. पण हा सेशेल्सचा वटवट्या, आणि एके काळी सगळ्या पृथ्वीवर तो फक्त या ७० एकरांत उरला होता. तिसांहूनही कमी.

कारण सांगायला त्या तरुणाला फार शब्द लागले नाहीत. हा पक्षी पानांच्या पाठीमागचे किडे खातो. रुंद पान असेल, तर त्याच्या पाठीवर किडे असतात. या बेटावर पूर्वी खोबऱ्यासाठी माडांची लागवड केली होती. मूळचे जंगल गेले, त्याच्या जागी माड आले. माडाच्या झावळीत या पक्ष्याला पोटापुरते मिळत नाही. माड वाढत गेले, पक्षी कमी होत गेला. लागवडीच्या दिवसांत इथे मजूर राहत. कासवे कवचासाठी मारली जात, बिळांतून समुद्रपक्ष्यांची पिल्ले काढून खाल्ली जात. १९६८ साली पक्ष्यांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने, जिला आज बर्डलाइफ इंटरनॅशनल म्हणतात, हे बेट विकत घेतले. माड कमी केले, मापू आणि इतर मूळची झाडे पुन्हा वाढू दिली. बेटावर पक्षी तीनशेच्या वर गेले, मावेनासे झाले. मग १९८८ साली २९ पक्षी आरिद बेटावर नेऊन सोडले, पुढे चुलतबहिणीकडे, म्हणजे कुझीनवर, नंतर आणखी दोन बेटांवर. आज त्यांची संख्या तीन हजारांच्या घरात आहे.

"आणि नारळ पडतच राहतात," तो म्हणाला. "किनाऱ्याला थोडे माड आहेत. काही समुद्रातून वाहत येतात. एक पावसाळा आम्ही इथं नसलो, तर पुन्हा माडच माड. म्हणून रोज फिरायचं, दिसलं की उपटायचं."

"माडाचं काय चुकलं?" मी विचारले. प्रश्न बालिश होता, पण माझ्याने राहवले नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "माझी आजी माडाखालीच जन्मली. पण हे त्याचं घर नव्हे."

पुढे चालताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. या वटवट्याची काही पिल्ले मोठी झाली तरी घर सोडीत नाहीत. आईबापांच्या हद्दीतच राहतात, आणि पुढच्या वर्षीचे भावंड जन्मले, की त्याला भरवायला मदत करतात. शास्त्रज्ञांना याचे कौतुक वाटले. पण नव्या बेटांवर पक्षी नेऊन सोडले तेव्हा कळले, की तिथे भरपूर जागा मिळताच पोरे वयात आल्याबरोबर आपापली हद्द धरून निघून जातात. जागा नसेल तेव्हा राहतात. असेल तेव्हा जातात.

"म्हणजे आपल्यासारखंच," ही म्हणाली. मी मुकाट्याने चालत राहिलो. आमच्या घरात दोन पिल्ले होती. एक मुंबईला गेले. दुसरे कोल्हापूरला गेले खरे, पण आई आजारी पडली तेव्हा आठवड्याच्या आठवड्याला घाट उतरत राहिले.

वाट पलीकडच्या किनाऱ्याला निघाली. तरुणाने एकदम हात आडवा करून आम्हांला खाली बसवले. ऐन उन्हात, समोरच्या वाळूवर एक समुद्रकासवीण वर चढत होती. पोपटासारखी वाकडी चोच, पाठीवर पिवळ्यातपकिरी रंगांचे ठिपके. हे हॉक्सबिल कासव. याच कवचाचे कंगवे आणि चष्म्यांच्या काड्या करीत असत. त्यापायी ती संपत आली होती. सेशेल्सने १९९४ साली समुद्रकासवे मारायला पुरती बंदी केली. या बेटावर मात्र त्यांची मोजदाद आणि राखण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे, आणि इथे अंडी घालायला येणाऱ्या माद्या तेव्हापासून कित्येक पटींनी वाढल्या आहेत. इतर बहुतेक समुद्रकासवे रात्री किनाऱ्यावर येतात. आपल्या कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले येतात त्याही रात्रीच्या. या इथल्या मात्र दिवसाढवळ्या येतात.

तिने मागच्या पायांनी खड्डा करायला घेतला. एक पाय आत जाई, वाळू उचलून बाहेर टाकी; मग दुसरा. मध्येच थांबून ती मोठा श्वास टाकी, तो आम्हांला ऐकू येई. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होते. अंगातले जादा मीठ ती अशी बाहेर टाकते, हे मला ठाऊक होते, तरी त्या पाण्याकडे पाहवेना. दीडशेच्या आसपास अंडी ती घालते, वर वाळू सारखी करते, आणि परत न पाहता समुद्रात जाते. पिल्ले दोन महिन्यांनी निघतात तेव्हा आई तिथे नसते.

"मग बघतं कोण?" हिने विचारले.

तरुणाने वहीत काहीतरी लिहिले, जवळ एक खूण रोवली आणि छातीला बोट लावले. "आम्ही बघतो. खेकडे असतात, भरती असते."

मी इतका वेळ 'निर्मनुष्य' या शब्दामागून चालत होतो. माणूस निघून गेला, म्हणून हे बेट फुलले, असे मी मनाशी जुळवीत आलो होतो, आणि त्यात मला थोडा दिलासाही वाटत होता. आपली वाडी ओसाड आहे, तर असू दे. कदाचित तिथेही काही चांगले चालले असेल. पण ते खरे नव्हते. माणूस इथून निघून गेलेला नव्हता. तो फक्त मालकाच्या जागेवरून उठून राखणदाराच्या जागेवर बसला होता. रोज सकाळी उठून वाट झाडायची, रोपे उपटायची, अंडी मोजायची, वहीत लिहायचे, आणि बोटीतून एक उंदीर येऊ नये म्हणून एका म्हातारीच्या करंज्या अडवायच्या. देवराईतली काडीही कोणी तोडीत नाही, ती देवाच्या भीतीने. इथे देव नव्हता. एक वही होती, एक काठी होती, आणि चुकवता न येणारे रोजचे काम होते. माझी वाडी ओसाड होती ती तिथे कोणी राहत नाही म्हणून नव्हे. मी तिथे जात नाही म्हणून ती माझ्यापुरती ओसाड होती.

मोठ्या बोटीत परतलो तेव्हा डब्यातल्या चकल्या संपल्या होत्या. बोटवाल्याने अंगठा वर करून दाखवला. ही प्रसन्न झाली. मी कुझँकडे पाहत बसलो होतो; ते पुन्हा परातीएवढे होत चालले होते.

"एक सांगू?" ही म्हणाली. "रागावणार नसाल तर. भावोजी दर मे महिन्यात जातात वाडीत. आठ-आठ दिवस. शाकारणी करून घेतात, विहीर उपसतात, माडांना आळी करतात. कोपऱ्यातल्या दगडाला नारळही ठेवतात."

"मला नाही सांगितलं कधी!"

"जाऊबाईंनी मला सांगितलं. तुम्हांला सांगितलं तर तुम्ही पैसे पाठवाल म्हणून सांगत नाहीत. मागच्या वर्षी पाठ धरली त्यांची. वर्षाला आठ दिवस एका माणसाला ती वाडी आवरत नाही आता. म्हणून विकायचं म्हणतात."

बोट वर उचलली गेली आणि खाली आपटली. काही वेळ मला बोलता आले नाही.

रात्री माहेला लेकीच्या घरून मी कोल्हापूरला फोन लावला. त्याला वाटले, सहीबद्दलच असणार. मी विचारले, "वाडीत दयाळ येतो का रे अजून?"

तो बराच वेळ गप्प होता. मी मेच्या खेपांबद्दल ऐकले आहे, हे त्याला कळले असावे. मग म्हणाला, "पातेरा ओढायला लागलं, की येतो. पायांतच असतो."

"या मेमध्ये मीही येतो."

"तू?" तो हसला. किती वर्षांनी हसला असेल माझ्याशी! "कोयता धरता येणार आहे का तुला?"

"कोयता नाही. पातेरा ओढीन."

विकायचे की ठेवायचे, ते अजून ठरलेले नाही. आम्हां दोघांची वये झाली आहेत, आणि आठाचे सोळा दिवस झाले म्हणून वाडी आवरेलच असे नाही. सहीचा कागद टेबलावर तसाच आहे. त्याच्यावर ठेवायला सेशेल्सहून आणलेला शंख पुरेसा जड आहे. पण पेठेत जाऊन मी एक खराटा आणून ठेवला आहे. हिराचा, लांब दांड्याचा. मुंबईच्या सदनिकेत त्याला ठेवायला जागा नाही, म्हणून तो दाराआड उभा असतो. येणारेजाणारे विचारतात, हा कशाला? ही त्यांना सांगते, "मेमध्ये राखणीला जायचंय."